भूमी-उपयोगातील बदल आणि जांभ्याच्या सड्यांवरील संकटग्रस्त बेडकांचा अधिवास : एक अभ्यास

गोषवारा :

कोकण व उत्तर सह्याद्रीतील जांभ्या खडकाची पठारे, म्हणजेच सडे, पावसाळ्यातील चार महिने हंगामी पाणथळ जागांचे रूप धारण करतात. या अल्पजीवी जलसाठ्यांवर बेडकांच्या काही प्रदेशनिष्ठ जातींचे प्रजनन अवलंबून आहे. मागील तीन-चार दशकांत आंबा व काजूच्या बागा, चिऱ्याच्या खाणी, रस्ते आणि बांधकामे यांमुळे सड्यांचा भूमी-उपयोग वेगाने बदलत आहे. हा बदल बेडकांच्या अधिवासावर नेमक्या कोणत्या मार्गांनी परिणाम करतो याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महसुली नोंद आणि पाणथळ जागांविषयीचे कायदे या अधिवासाची दखल का घेत नाहीत, याचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : भूमी-उपयोग, जांभा, सडा, हंगामी पाणथळ जागा, जलावधी, उभयचर, पोटखराबा.

१. प्रस्तावना :

पृथ्वीवरील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या सर्व वर्गांत उभयचर हा वर्ग आज सर्वाधिक संकटात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या निकषांनुसार २००४ मध्ये झालेल्या पहिल्या जागतिक मूल्यांकनात सुमारे ३२.५ टक्के उभयचर जाती संकटाच्या छायेत असल्याचे आढळले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मूल्यांकनात ८,०११ जातींचा विचार करण्यात आला व हे प्रमाण ४०.७ टक्के असल्याचे दिसून आले. अधिवासाचा नाश व अवनती हे कारण संकटग्रस्त जातींपैकी सुमारे ९३ टक्के जातींना लागू पडते, असेही या मूल्यांकनाने दाखविले. रोग आणि हवामान बदल यांची चर्चा अधिक होत असली, तरी जमिनीचा वापर बदलणे हेच उभयचरांच्या ऱ्हासाचे सर्वांत व्यापक कारण आहे, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचे एक विशिष्ट रूप सड्यांवर पाहावयास मिळते. सर्वसामान्य माणसाच्या नजरेला सडा म्हणजे उघडाबोडका कातळ. उन्हाळ्यात तेथे चटके बसतात, गवत वाळून जाते आणि झाडाची सावली शोधूनही मिळत नाही. सरकारी कागदपत्रांतही त्याची गणना पडीक किंवा खडकाळ जमिनीत होते. परंतु हाच कातळ जून ते सप्टेंबर या काळात लहानमोठ्या डबक्यांनी, पाझरांनी आणि दलदलीच्या पट्ट्यांनी व्यापलेला असतो. जी जमीन आठ महिने ओसाड दिसते ती चार महिने पाणथळ असते, ही गोष्ट लक्षात न घेता तिच्याविषयी निर्णय घेतले जातात. प्रस्तुत समस्येचे मूळ येथेच आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सड्यांवरील हंगामी पाणथळ जागांचे स्वरूप व तेथील बेडकांचे वैशिष्ट्य स्पष्ट करणे.
२) भूमी-उपयोगातील बदलांचे प्रमुख प्रकार आणि त्यांची कारणे समजून घेणे.
३) हे बदल बेडकांच्या जीवनचक्रावर कोणत्या मार्गांनी परिणाम करतात याचे विश्लेषण करणे.
४) विद्यमान कायदेशीर चौकटीतील उणिवा दाखवून संवर्धनाच्या शक्यता सुचविणे.

३. अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत लेख द्वितीयक साधनांवर आधारलेला असून त्यात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सडे आणि आंबोली परिसर हे मुख्य अभ्यासक्षेत्र होय. सातारा जिल्ह्यातील पठारे व गोव्यातील सडे यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

४. सडा : स्वरूप आणि जलव्यवस्था :

भूशास्त्रात ज्याला 'लॅटेराइट' म्हणतात त्यालाच आपण जांभा म्हणतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगडीपुरम येथील खडकाच्या वर्णनात ही संज्ञा प्रथम वापरली. उष्ण व अतिपर्जन्याच्या प्रदेशात मूळ खडकाचे दीर्घकाळ अपक्षयन होऊन विद्राव्य घटक वाहून जातात. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात आणि त्यांचाच कठीण, सच्छिद्र थर तयार होतो. महाराष्ट्रात जांभा दोन पातळ्यांवर आढळतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील कास, महाबळेश्वर, पाचगणी ही उच्चस्तरीय जांभ्याची उदाहरणे होत. रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यातील समुद्राजवळचे सडे निम्नस्तरीय जांभ्याचे आहेत. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसली असून महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते.

सड्यावर मातीचा थर अत्यल्प असतो. कित्येक ठिकाणी तो काही सेंटिमीटरपेक्षा अधिक नसतो. खडकाच्या पृष्ठभागावरील खळग्यांत पावसाचे पाणी साठते. काही खळगे तळहाताएवढे असतात, काही एखाद्या खोलीएवढे, तर काही ठिकाणी छोटी तळीच तयार होतात. पावसाने उघडीप दिली की उथळ डबकी काही दिवसांत आटतात आणि पुन्हा सर आली की भरतात. अशा अल्पपोषक, क्षणभंगुर परिस्थितीत वनस्पतींनीही आपापले मार्ग शोधले आहेत. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती, गेंदाच्या विविध जाती, साताऱ्याच्या पठारांवरील वायतुरा ही त्याची परिचित उदाहरणे होत.

सड्याचे आणखी एक कार्य दुर्लक्षून चालणार नाही. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावरील झऱ्यांवाटे बाहेर पडते. सड्याच्या पायथ्याशी वसलेल्या वाड्यांच्या विहिरी आणि पाणवठे बऱ्याच अंशी या पाण्यावर अवलंबून असतात. म्हणजेच बेडकांचा अधिवास आणि गावाचे पाणी ही एकाच जलव्यवस्थेची दोन अंगे आहेत.

५. सड्यांवरील उल्लेखनीय बेडूक :

सड्यांवरील उभयचरांविषयीचे आपले ज्ञान अलीकडच्या काळातच विस्तारले आहे. पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ मध्ये कोयना परिसरातून एका भेकाचे वर्णन केले. पुढे २००९ मध्ये एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी आंबोली येथून दुसऱ्या एका भेकाचे वर्णन करून या दोहोंसाठी 'झँथोफ्राइन' ही नवी प्रजाती निर्माण केली. कोयना भेक (झँथोफ्राइन कोयनायेन्सिस) आणि आंबोली भेक (झँथोफ्राइन टायगेरिना) अशा दोनच जाती या प्रजातीत आहेत. दोन्ही उत्तर सह्याद्रीखेरीज जगात अन्यत्र आढळत नाहीत. आंबोली भेकाचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' तर कोयना भेकाचा समावेश 'संकटग्रस्त' या वर्गात करण्यात आला आहे.

निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी या प्रजातीच्या प्रजननाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पावसाळ्याच्या आरंभी थोड्या काळात हे भेक मोठ्या संख्येने एकत्र येतात आणि कातळावरील उथळ डबक्यांत अंडी घालतात. डबके आटण्यापूर्वी डिंभकाचे रूपांतर पूर्ण होणे ही त्यांच्या अस्तित्वाची अट आहे. वर्षातील उरलेला बराच काळ ते खडकांच्या फटींत व सुट्या दगडांखाली घालवितात.

याशिवाय 'मिनर्व्हारिया' या प्रजातीतील काही लहान बेडूक सड्यांशी निगडित आहेत. २०१७ मध्ये वर्णिलेला, आंबोली परिसरातील मिनर्व्हारिया सेप्फी आणि २०१८ मध्ये गोव्यातील सड्यांवरून वर्णिलेला मिनर्व्हारिया गोएम्ची ही त्यांतील दोन नावे. आंबोलीतूनच २०१४ मध्ये इंदिराना चिरवासी या जातीचे वर्णन झाले. 'चिऱ्यात वास करणारा' हा अर्थ वाहणारे हे जातिनाम त्या बेडकाचे जांभ्याशी असलेले नाते सांगते. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. यांपैकी बहुतेक जातींना विज्ञानात नाव मिळून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत. ज्या काळात त्यांची ओळख पटली, त्याच काळात त्यांच्या अधिवासाचे रूपांतर वेगाने होत होते. त्यामुळे यांपैकी बहुतेक जातींच्या पूर्वीच्या संख्येची नोंद आपल्या हाती नाही आणि घट मोजण्यासाठी आधाररेषा उपलब्ध नाही.

६. भूमी-उपयोगातील बदलांचे प्रमुख प्रकार :

६.१ फळबाग लागवड : महाराष्ट्र शासनाने १९९०-९१ पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम राबविला. कोकणातील शेतकऱ्याला तो निश्चितच लाभदायक ठरला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच सुमारास भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनाही सुरू झाली. उतारावरील वरकस जमिनी लागवडीखाली आल्यानंतर मागणीचा ओघ सड्याकडे वळला. कातळात कलमे लावावयाची तर सुरुंगाने किंवा यंत्राने खड्डे पाडावे लागतात. बाहेरून माती आणून ते भरावे लागतात आणि सुटे दगड गोळा करून गडगे घालावे लागतात. परिणामतः सड्याचा पृष्ठभाग, निचरा आणि सावली या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात.

६.२ चिऱ्याच्या खाणी : जांभा हा कोकणातील पारंपरिक बांधकामाचा दगड. पूर्वी गरजेपुरता चिरा हाताने काढला जाई. आता यंत्राने कापणी होते आणि चिरा दूरच्या बाजारपेठांत जातो. खाणीमुळे सड्याचा वरचा थरच नाहीसा होतो. मागे राहतात त्या खोल, उभ्या भिंतींच्या खाणी. त्यांत पाणी साठते हे खरे. परंतु ते उथळ डबके नव्हे.

६.३ भातशेती : सड्यावरील खोलगट भागांत बांध घालून भाताची लहान खाचरे करण्याची प्रथा जुनी आहे. बांधामुळे पाणी अडते, गाळ साचतो आणि मूळचे खडकाळ डबके चिखलाच्या खाचरात रूपांतरित होते. अलीकडे मजुरीचा खर्च आणि स्थलांतर यांमुळे अशी अनेक खाचरे पडून राहिली आहेत.

६.४ रस्ते, बांधकामे व पर्यटन : सपाट, मोकळी आणि तुलनेने स्वस्त जमीन म्हणून सडा हा गृहप्रकल्प, रिसॉर्ट, पवनचक्क्या आणि मोठे उद्योग यांच्या दृष्टीने सोयीचा ठरतो. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावरील पवनचक्क्यांच्या परिसराचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे शिकारी पक्ष्यांची संख्या घटून सरड्यांची घनता वाढल्याचे दिसून आले. जमिनीचा फारच थोडा भाग व्यापणारा वापरही संपूर्ण अन्नसाखळीत फेरफार घडवू शकतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

७. परिणामांची कार्यकारणमीमांसा :

'अधिवास नष्ट झाला' असे म्हटल्याने नेमके काय घडले हे कळत नाही. त्यासाठी बेडकाच्या जीवनचक्राच्या अंगाने विचार करणे आवश्यक आहे.

७.१ जलावधीतील बदल : एखाद्या डबक्यात पाणी सलग किती दिवस टिकते या कालावधीस जलावधी म्हणतात. हंगामी डबक्यातील प्रत्येक जातीचे प्रजनन या कालावधीशी जुळलेले असते. खड्डे, चर व खाणी यांमुळे पाण्याचा निचरा जलद झाला तर डिंभकांचे रूपांतर पूर्ण होण्याआधीच डबके कोरडे पडते व संपूर्ण पिढी नष्ट होते. याउलट बांध घालून पाणी दीर्घकाळ टिकविले तर वरकरणी हित झालेसे वाटते, परंतु प्रत्यक्षात तेथे मासे, चतुरांच्या अळ्या आणि मोठ्या बेडकांचे भक्षक डिंभक यांना वाव मिळतो. अल्पजीवी डबक्याचे वैशिष्ट्यच हे की, ते टिकत नसल्यामुळे तेथे मोठे भक्षक फारसे स्थिरावत नाहीत. पाणी वाढविणे म्हणजे अधिवास सुधारणे, हे गृहीतक येथे लागू पडत नाही. शेततळे किंवा पाणी भरलेली खाण ही कातळावरील डबक्याची भरपाई ठरू शकत नाही, ती याच कारणाने.

७.२ आसऱ्याचा लोप : बेडकाला प्रजननासाठी पाणी आणि उरलेल्या काळासाठी आसरा अशा दोन वेगळ्या अधिवासांची गरज असते. सड्यावर झाडे व खोल माती नसल्याने सुटे दगड व खडकातील फटी हाच आसरा होय. दगडाखाली तापमान कमी आणि आर्द्रता अधिक असते. बाग करताना हे दगड उचलून गडग्यात रचले जातात. डबके तसेच राहिले तरी त्याच्या काठचा आसरा नाहीसा झाल्यामुळे प्रौढ बेडूक तेथे टिकू शकत नाहीत. दगडांखाली राहणाऱ्या पाली, साप आणि देवगांडूळ यांनाही हीच बाब लागू पडते.

७.३ जोडणी तुटणे : एका सड्यावरील सर्व डबकी दरवर्षी यशस्वी ठरत नाहीत. ज्या वर्षी एक डबके लवकर आटते त्या वर्षी दुसऱ्यातील पिल्ले त्या भागात पुन्हा पसरतात. म्हणजेच बेडकांची संख्या एकेका डबक्यावर नव्हे, तर डबक्यांच्या समूहावर अवलंबून असते. रस्ता, तार व जाळीचे कुंपण, गडगे किंवा बांधकामे यांनी हा समूह तुकड्यांत विभागला की एकेक तुकडा स्वतंत्रपणे नष्ट होऊ लागतो. प्रजननकाळी एकाच वेळी बाहेर पडणाऱ्या भेकांच्या दृष्टीने वाहनांची रहदारी विशेष घातक ठरते. आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळी पर्यटनाचा हंगाम आणि भेकांच्या प्रजननाचा हंगाम एकच आहे.

७.४ पाण्याची प्रत : बेडकाची त्वचा पातळ व पारगम्य असते. पाण्यातील रसायने तिच्यातून थेट शरीरात जातात. बागांतील कीटकनाशके व खते पावसाबरोबर वाहून डबक्यांत येतात. तळ्यात किंवा नदीत ती विरळ होतात, पण काही लिटर पाण्याच्या डबक्यात त्यांचे प्रमाण सहज वाढू शकते. आंब्याला नियमित मोहोर येण्यासाठी मातीतून दिल्या जाणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोल या संजीवकाचा वापर कोकणात सर्वत्र आहे. सड्यावरील डबक्यांतील अशा द्रव्यांच्या प्रमाणाचे नियमित मापन होणे अगत्याचे आहे.

७.५ जातींची अदलाबदल : विजयन जिथिन, मनाली राणे, अपर्णा वाटवे, रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरी परिसरातील सड्यांवर केलेले अभ्यास येथे महत्त्वाचे आहेत. २०२३ मध्ये त्यांनी पडीक खाचरे, फळबागा व मूळ कातळ यांवरील दगडांखालच्या प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात उभयचरांचा विचार करण्यात आला. मूळ सड्याच्या तुलनेत खाचरे व बागा यांत उभयचरांची विविधता कमी आढळली आणि बागांत त्यांची संख्याही अल्प होती. खाचरांत मात्र सर्वत्र आढळणाऱ्या काही जातींची संख्या मोठी होती, तर मर्यादित क्षेत्रातील जाती तेथे कमी दिसल्या.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. पावसाळ्यात खाचरातून बेडकांचा मोठा आवाज येतो आणि ऐकणाऱ्याला सर्व काही कुशल असल्याचे वाटते. परंतु आवाज मोठा असणे म्हणजे विविधता टिकून असणे नव्हे. जे बेडूक कोठेही राहू शकतात ते वाढतात आणि ज्यांना सड्याखेरीज दुसरे घर नाही ते निघून जातात. एकूण संख्या तीच राहूनही जगातून एखादी जात कायमची नाहीशी होऊ शकते. म्हणून केवळ 'बेडूक आहेत का' हा प्रश्न पुरेसा नाही. 'कोणते बेडूक आहेत' हे विचारणे आवश्यक आहे.

८. नोंद, कायदा आणि सडा :

सड्याच्या दुर्लक्षामागे भाषेचा आणि वर्गीकरणाचाही भाग मोठा आहे. सातबारा उताऱ्यावर लागवडीस अयोग्य अशा खडकाळ क्षेत्राची नोंद 'पोटखराबा' म्हणून होते. राष्ट्रीय पातळीवरील पडीक जमिनींच्या नकाशांतही उघड्या खडकाचा स्वतंत्र वर्ग आहे. महसुलाच्या दृष्टीने हे वर्गीकरण चुकीचे नाही, कारण तेथे सारा आकारण्याजोगे पीक येत नाही. मात्र 'पिकाच्या दृष्टीने निरुपयोगी' या मर्यादित अर्थाचे रूपांतर पुढे 'सर्वार्थाने निरुपयोगी' असे होते आणि अशा जमिनीचा कोणताही वापर हा विकासच ठरतो.

पाणथळ जागांविषयीच्या कायद्याकडून तरी संरक्षण मिळावे अशी अपेक्षा असते. १९७१ च्या रामसर कराराने पाणथळ जागेची व्याख्या करताना कायमस्वरूपी आणि तात्पुरत्या अशा दोन्ही जलसाठ्यांचा समावेश केला. भारत १९८२ मध्ये या करारात सहभागी झाला. २००२ मध्ये व्हॅलेन्सिया येथील परिषदेत तात्पुरत्या डबक्यांच्या संवर्धनाविषयी स्वतंत्र ठराव संमत झाला. म्हणजे आंतरराष्ट्रीय पातळीवर अशा जागांना मान्यता आहे.

देशांतर्गत चित्र मात्र वेगळे आहे. अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या जागांच्या सीमा दाखविण्यात आल्या, तर त्याहून लहान जागा केवळ बिंदूरूपाने नोंदविण्यात आल्या. कातळावरील बहुसंख्य डबकी याहून कितीतरी लहान आहेत आणि वर्षातील आठ महिने ती उपग्रहाला दिसणारच नाहीत. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ हे रामसर स्थळे व अधिसूचित पाणथळ जागा यांना लागू आहेत. शिवाय भातखाचरे आणि सिंचन, पेयजल इत्यादींसाठीचे मानवनिर्मित जलसाठे या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती उद्भवते. नैसर्गिक डबक्याला बांध घालून खाचर केले की ते व्याख्येबाहेर जाते. आणि मूळ डबके अधिसूचित नसल्याने ते मुळात संरक्षणाच्या कक्षेत आलेलेच नसते.

व्यक्तिगत प्राण्याचे संरक्षण आणि त्याच्या जागेचे संरक्षण यांतील अंतरही येथे दिसते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये थांबविली. मोठ्या प्रमाणावरील व्यापारी शिकारीला त्यामुळे आळा बसला. परंतु ज्या बेडकाला कोणी पकडत नाही, केवळ त्याच्या डबक्यात माती भरली जाते, त्याला या बंदीचा काहीही उपयोग नाही.

९. संवर्धनाच्या शक्यता :

सड्याचा प्रत्येक इंच राखून ठेवावा असे म्हणणे व्यवहार्य नाही आणि न्याय्यही नाही. या जमिनी बहुतांशी खासगी वा सामाईक मालकीच्या आहेत आणि बाग हे कित्येक कुटुंबांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन आहे. त्यामुळे पुढील मार्गांचा विचार करता येईल.

१) जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३७ नुसार राज्य शासनास जैवविविधता वारसा स्थळे घोषित करता येतात. आंबोलीजवळील हिरण्यकेशी येथील मंदिराचा परिसर केवळ २.११ हेक्टरचा आहे. तेथील माशाची एक नवी जात २०२० मध्ये वर्णिली गेली आणि २०२१ मध्ये ते स्थळ वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. लहान क्षेत्रालाही कायदेशीर संरक्षण मिळू शकते हे या उदाहरणाने सिद्ध केले आहे. महत्त्वाच्या प्रजनन डबक्यांच्या समूहांसाठी हाच मार्ग योजता येईल.

२) रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोव्यातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला. ही शिल्पे आणि बेडकांची डबकी एकाच प्रकारच्या कातळावर आहेत. शिल्पांभोवतीचे क्षेत्र राखताना त्यातील नैसर्गिक जलव्यवस्थेचाही विचार केल्यास दोन्ही वारसे एकत्र जपता येतील.

३) फळबाग योजनेतील अनुदानाच्या अटींत मूळ डबकी, त्यांभोवतीचा काही मीटर पट्टा आणि तेथील सुटे दगड कायम ठेवण्याची तरतूद करता येईल. यासाठी बाग सोडून देण्याची गरज नाही. खड्ड्यांची आखणी बदलणे पुरेसे आहे.

४) प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनात सड्याचे सर्वेक्षण पावसाळ्यात करणे बंधनकारक असावे. मार्च-एप्रिलमध्ये पाहणी केल्यास तेथे बेडूक नाहीत असाच निष्कर्ष निघणार.

५) प्रजननकाळातील थोड्या रात्री विशिष्ट रस्त्यांवरील वाहतुकीचे नियमन स्थानिक पातळीवर करता येण्यासारखे आहे.

१०. महाविद्यालयांची भूमिका :

आधाररेषेचा अभाव ही या विषयातील मूलभूत अडचण आहे, याचा उल्लेख वर आला आहे. ही उणीव भरून काढण्यास कोकणातील महाविद्यालयांइतके योग्य स्थान दुसरे नाही. सडा अनेकदा महाविद्यालयाच्या आवाराला लागूनच असतो. प्राणिशास्त्र विभागाने निवडक डबक्यांतील जातींची दरवर्षी नोंद ठेवावी. भूगोल विभागाने जुने व नवे नकाशे ताडून भूमी-उपयोगातील बदल मोजावेत. रसायनशास्त्र विभागाने पाण्याची तपासणी करावी. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी सड्यावरील बागेचा खरा खर्च व उत्पन्न यांचा ताळेबंद मांडावा. मराठी विभागाने सडा, कातळ आणि पाणवठे यांविषयीची स्थानिक शब्दसंपदा संकलित करावी, कारण ज्या जागेला लोकभाषेत नाव आहे ती जागा निरुपयोगी नव्हे, याचा तो पुरावा ठरेल. हे काम ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीशी जोडल्यास त्याला कायदेशीर मूल्यही प्राप्त होईल. पाच-दहा वर्षे सातत्याने ठेवलेली साधी वही ही एखाद्या मोठ्या प्रकल्पाइतकीच मोलाची ठरू शकते.

११. निष्कर्ष :

१) जांभ्याचे सडे हे पडीक क्षेत्र नसून हंगामी पाणथळ परिसंस्था आहेत व उत्तर सह्याद्रीतील काही प्रदेशनिष्ठ, संकटग्रस्त बेडकांचे अस्तित्व त्यांच्याशी निगडित आहे.
२) फळबागा, खाणी, खाचरे व बांधकामे यांचे परिणाम एकसारखे नाहीत. खाणीमुळे अधिवास समूळ नष्ट होतो, तर बागा व खाचरे यांमुळे जलावधी, आसरा व जोडणी बदलून जातींची रचना बदलते.
३) पाण्याचे प्रमाण वा बेडकांची एकूण संख्या हे अधिवासाच्या स्वास्थ्याचे विश्वसनीय निकष नव्हेत.
४) महसुली वर्गीकरण, नकाशांची क्षेत्रमर्यादा आणि पाणथळ नियमांची व्याख्या या तिहींच्या फटीत सडा सापडला आहे. वारसा स्थळाची तरतूद हा सध्या उपलब्ध असलेला व्यवहार्य मार्ग होय.
५) सड्याचे संवर्धन हा केवळ बेडकांचा प्रश्न नाही. त्याच कातळात मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना मिळत असल्याने गावाच्या पाणीपुरवठ्याचे हितही त्यात गुंतलेले आहे.

आंबोली भेकासारख्या जातीला स्थलांतर करण्यासाठी दुसरा प्रदेश उपलब्ध नाही. तिचे संपूर्ण जग काही कातळांपुरते मर्यादित आहे. त्या कातळाची नोंद 'पोटखराबा' या एका शब्दात संपवावयाची की त्याच्या चार महिन्यांच्या जीवनाचीही दखल घ्यावयाची, हा निर्णय शासन, शेतकरी आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून घ्यावयाचा आहे, आणि तो उर्वरित सडे शाबूत असेतोवर घेतला तरच त्याला अर्थ राहील.